चरखा, चक्र आणि पॉलिएस्टर

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने भारतीय ध्वजसंहितेच्या एका वाक्यात दुरुस्ती केली. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या लोकरी, सुती किंवा रेशमी खादीचा असेल, असे ते वाक्य सांगत होते. दुरुस्तीनंतर त्यात 'यंत्राने तयार केलेले' आणि 'पॉलिएस्टर' हे शब्द येऊन बसले. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागले नाही, त्यावर कोणाला भाषण करावे लागले नाही. ध्वजसंहिता हा कायदा नसून शासनाच्या कार्यकारी सूचनांचा संग्रह आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवले होते. तेव्हा कार्यकारी लेखणीच्या एका फटकाऱ्याने हे काम भागले. सत्तर वर्षे ज्या ध्वजाचा धागा माणसाच्या हाताने निघत होता, तो आता खनिज तेलापासूनही निघू शकतो, एवढाच या दुरुस्तीचा अर्थ. वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती सात महिन्यांनी, 'हर घर तिरंगा' ही मोहीम जाहीर झाल्यावर; आणि तीही बहुतेकांनी सोय म्हणून दिली, बदल म्हणून नव्हे.

हा बदल किरकोळ आहे, असे अनेक सुबुद्ध माणसांना वाटते. कापड कोणते का असेना, रंग तेच आहेत, चक्र तेच आहे, मनातली भावना तीच आहे, मग सुताचा आग्रह कशासाठी? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की, जगातील बहुतेक ध्वजांच्या बाबतीत कापड हे केवळ रंग धरून ठेवण्याचे साधन असते; भारताच्या ध्वजाच्या बाबतीत ते तसे कधीच नव्हते. येथे कापड हाच अर्थाचा गाभा होता आणि रंग पुष्कळ अंशी त्याच्या मागून आले. ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी ध्वजाचा इतिहास पुन्हा एकदा चाळावा.

भारताच्या नावाने परदेशी भूमीवर पहिला ध्वज उभारला गेला तो ऑगस्ट १९०७ मध्ये, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत. मादाम कामांनी तो जगभरच्या श्रमिकांच्या प्रतिनिधींसमोर फडकावला. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि पुण्याच्या केसरी-मराठा संस्थेत तो जपून ठेवला गेला. होमरूल चळवळीचा १९१७ चा ध्वज त्यानंतरचा. लाल-हिरव्या पट्ट्यांच्या त्या ध्वजाच्या कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅकही होता. हे ध्वज धाडसाचे होते, पण ते मूठभर सुशिक्षितांचे होते. त्यांच्यावर तारे होते, कमळे होती, सूर्य-चंद्र होते. खेड्यातल्या माणसाच्या घरातील एकही वस्तू त्यांच्यावर नव्हती.

ती वस्तू आली १९२१ मध्ये. पिंगली वेंकय्या कित्येक वर्षे ध्वजाच्या आराखड्यांचा पाठपुरावा करीत होते. गांधीजींना त्यांचा उत्साह भावत असे, पण आराखडे मनात भरत नसत. जालंदरच्या लाला हंसराजांनी ध्वजावर चरखा असावा असे सुचविले, तेव्हा कोठे गांधीजींना हवे ते सापडले. बेझवाड्याच्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीवेळी त्यांनी वेंकय्यांकडून लाल व हिरव्या पार्श्वभूमीवर चरख्याचे चित्र काढून घेतले. इतर सर्व समाजांसाठी पांढरा पट्टा नंतर जोडला. म्हणजे चरख्यासाठी ध्वज झाला, ध्वजासाठी चरखा नव्हे. उत्पादनाचे साधन राष्ट्राच्या निशाणावर चढविण्याची ही कल्पना त्या काळी किती अभिनव होती याची जाणीव आता राहिलेली नाही. सोव्हिएत संघराज्याचा विळा-हातोड्याचा ध्वज औपचारिकपणे सिद्ध झाला तोही त्यानंतर, १९२३ मध्ये. राजांच्या निशाणांवर सिंह, गरुड आणि तलवारी असतात. ज्याने जग चालते त्या हत्याराला तेथे जागा नसते. हिंदुस्थानातील सर्वांत दरिद्री स्त्रीच्या हातात असू शकणारे हत्यार त्या निशाणावर आले, ही गोष्ट समाजवाद्यांना तरी परकी वाटू नये.

हा ध्वज लोकांनी कसा मिळवला, ते महाराष्ट्रात तरी सांगावे लागू नये. १ मे १९२३ पासून नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन चालत जाणे एवढाच गुन्हा. त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक आले आणि दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. मे १९३० मध्ये सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि तिरंगा लावणे हा अपराध ठरला. त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. बाबू गेनू कोण होता? गिरणी कामगार. सोलापूरचे ते आंदोलक कोण होते? त्यातले पुष्कळसे गिरणी कामगार. ज्यांचे पोट यंत्रमागावर चालत होते, ती माणसे चरख्याचे चित्र असलेल्या ध्वजासाठी मार खात होती. चरखा हा यंत्राचा शत्रू आणि खादी ही मागासलेपणाची खूण, असे ज्या पंडितांना वाटत आले त्यांना या माणसांचे मन कधी कळले नाही. त्यांच्या लेखी चरखा ही केवळ कापड काढण्याची युक्ती नव्हती. आपल्या अंगावरच्या कापडाची किंमत मँचेस्टरमध्ये नव्हे, आपल्या गावात ठरावी, हा दावा होता तो.

रंगांचा वाद दरम्यान पेटतच होता. कोणता रंग कोणत्या धर्माचा, कोणाचा पट्टा वर आणि कोणाचा खाली, यावर तक्रारी येत होत्या. १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. या समितीने तर संपूर्ण केशरी ध्वजावर चरखा, अशी शिफारस केली. ती फेटाळली गेली आणि केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे व मध्ये चरखा, असा ध्वज मुंबईच्या बैठकीत स्वीकारला गेला. रंगांना जातीय अर्थ नाही हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. या वादात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रंगांवर एवढी भवति न भवति झाली, समितीने तीन रंगांचा एक रंग करून पाहिला. पण चरखा मात्र दोन्ही आराखड्यांत होता. रंगांवर मतभेद होते, श्रमावर नव्हते.

आता २२ जुलै १९४७ कडे यावे. घटना समितीत जवाहरलाल नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. 'चरखा गेला' अशी तेव्हापासूनची समजूत आहे; खादीविरोधकांना तीमुळे आनंद होतो आणि खादीभक्तांना दुःख. दोघांनीही ठराव नीट वाचलेला नाही. ठरावाचे शब्द असे आहेत की, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळ्या रंगाचे चाक असेल. त्या चाकाची आकृती सारनाथच्या स्तंभशीर्षावरील चक्रासारखी असेल. म्हणजे अर्थ चरख्याचा आणि आकृती अशोकाच्या चक्राची. नेहरूंनी कारणही दिले. चरख्याच्या एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती; ध्वज दुसऱ्या बाजूने पाहिला की चित्र उलटे दिसते. चाक दोन्हीकडून सारखे दिसते. त्या दिवशी सभागृहासमोर नेहरूंनी दोन ध्वज ठेवले होते, एक रेशमी खादीचा व दुसरा सुती खादीचा. ह. वि. कामथांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती पाठविली होती. प्रत्यक्ष ध्वज पाहिल्यावर त्यांनी आग्रह सोडला. (कामथ पुढे समाजवादी बाकांवर दिसले, माणसे शिकतात ती अशी.)

गांधीजींचे समाधान मात्र झाले नाही. ऑगस्ट १९४७ च्या आरंभी त्यांनी स्पष्टच सांगितले की, ध्वजावर चरखा नसेल तर आपण त्याला वंदन करणार नाही. नव्या चक्राचा अर्थ चरखाच असेल तर त्यांची तक्रार नव्हती. ते सुदर्शन चक्र किंवा सत्तेचे, सिंहांच्या पराक्रमाचे चिन्ह मानले जाणार असेल तर होती. त्यांची भीती आकृतीविषयी नव्हती. आकृतीबरोबर अर्थही हळूच बदलला जाईल, याविषयी होती.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे लेखन खादीभांडाराची जाहिरात ठरेल. ध्वजाचा आराखडा ठरविणाऱ्या राजेंद्रप्रसादांच्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चरख्याविषयी त्यांचे मत काय होते हे सर्वश्रुत आहे; खेड्यात परत जाण्याच्या कल्पनेत अस्पृश्याच्या वाट्याला काय येते, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? अशोकाचे चक्र हे बुद्धाच्या धम्माचे चक्र आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात ज्या लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांना ध्वजावरील या चक्रात चरखा दिसला नसेल. समतेचा नियम दिसला असेल, आणि तो दिसण्यात काहीच गैर नाही. एकाच चाकात श्रम आणि धम्म असे दोन अर्थ राहू शकतात; ते परस्परांना छेदत नाहीत. ज्या हातांनी कातायचे त्या हातांना समाजात मान नसेल तर कताई हीही वेठच होय. ध्वजाच्या चक्राने हे दोन्ही अर्थ धरून ठेवले होते, एक आकृतीत आणि एक कापडात. आकृतीतला शिल्लक आहे. कापडातला काढून घेतला जात आहे.

चिन्हांतून अर्थ कसा गळतो याचे आणखी जुने उदाहरण त्याच सारनाथला सापडते. १९०५ च्या सुमारास एफ. ओ. अर्टेल यांच्या उत्खननात अशोकाचे सिंहशीर्ष बाहेर आले. २६ जानेवारी १९५० रोजी त्याची आकृती भारताची राजमुद्रा म्हणून स्वीकारली गेली. खाली मुंडकोपनिषदातील 'सत्यमेव जयते' हे वचन. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह सर्वांना ठाऊक आहेत. मूळ स्तंभावर हे सिंह सर्वांत वर नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सिंहांच्या डोक्यावर एक मोठे धर्मचक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले आहेत. कलिंगाचा संहार केलेल्या सम्राटाने सत्तेच्या सिंहांवर नियमाचे चक्र ठेवले होते, हा त्या शिल्पाचा सगळा आशय. वरचे चक्र कालौघात कोसळले आणि राजमुद्रेत सिंह तेवढे उरले. चक्र त्यांच्या पायांखालच्या पट्टीवर. हा दोष कोणाचा नव्हे, जे सापडले ते घेतले गेले. पण ११ जुलै २०२२ रोजी नव्या संसदभवनावर साडेसहा मीटर उंचीची आणि साडेनऊ हजार किलो वजनाची कांस्यप्रतिमा उघड झाली, तेव्हा देशभर वाद झाला तो सिंहांचे दात किती दिसतात याचा. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात कायद्याचा भंग नसल्याचा निर्णय दिला आणि वाद मिटला. सिंह रागावलेले आहेत की शांत, ही चर्चा रंगली. सिंहांच्या डोक्यावर काय होते, हे कोणी विचारले नाही. गांधीजींची १९४७ मधील शंका अनाठायी नव्हती, एवढे यावरून समजावे.

पुन्हा कापडाकडे. स्वातंत्र्यानंतर देशाने औद्योगिक मानके ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्था उभारली. पोलाद, सिमेंट, विजेच्या तारा अशा सगळ्या वस्तूंची मानके तिला तयार करायची होती. तिने मानक क्रमांक एक कोणत्या वस्तूला दिला? राष्ट्रध्वजाला. १९५१ मध्ये निघालेल्या आणि १९६८ मध्ये सुधारलेल्या या मानकात सुताचा पोत, कापडाचे वजन, रंगाचा पक्केपणा, शिलाई, चक्राची मापे, सर्व काही मोजून सांगितले आहे. त्याचा भंग झालेला ध्वज बाद. यंत्रयुगाची मोजपट्टी हातात घेतलेल्या संस्थेने पहिले माप घेतले ते हाताने कातलेल्या कापडाचे. त्या पिढीला यंत्र आणि हात यांत वैर दिसत नव्हते. दोघांनाही कसोटी लावता येते असे तिला वाटत होते.

हे कापड येते कोठून? धारवाडजवळचे गरग, हुबळीतील बेंगेरी, बागलकोटकडील तुळसीगेरी ही नावे कर्तव्यपथावरच्या संचलनाच्या समालोचनात कधी ऐकू येत नाहीत. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या बेंगेरीच्या केंद्रात मानक संस्थेची खूण असलेले ध्वज तयार होतात. आपल्याकडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही ध्वजाचे काम चालते. हुबळी हे हर्डीकरांचे गाव, आणि नांदेड हे निजामी राज्यातले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी निजामाच्या हद्दीत तिरंगा फडकाविणे हा अपराध होता आणि त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली होती. ज्या मातीत ध्वज लावल्याबद्दल बेड्या पडल्या, त्या मातीत पुढे ध्वज विणला जावा यात इतिहासाचे काही ऋण फिटत होते. कातणे, विणणे, रंगविणे, कापणे, चक्र छापणे, शिवणे ही कामे करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांची मजुरी तुटपुंजी असते. खादीच्या कारभाराला ते कधीच भूषणावह नव्हते. परंतु वर्षातून दोनदा येणाऱ्या ध्वजांच्या मागणीवर त्यांचे वर्षाचे गणित उभे राहते. १५ ऑगस्टचा हंगाम गेला की गेला.

आणि २०२२ चा हंगाम कसा गेला? सरकारने १३ ते १५ ऑगस्ट या तीन दिवसांत वीस कोटी घरांवर ध्वज लावण्याचे लक्ष्य जाहीर केले. टपाल कचेऱ्यांतून पंचवीस रुपयांना एक ध्वज विकला गेला; दहा दिवसांत एक कोटीहून अधिक खपले. पंचवीस रुपयांचाच हिशेब धरला तरी वीस कोटी ध्वज म्हणजे पाचशे कोटी रुपयांची मागणी. स्वतंत्र भारतात एका ग्रामोद्योगी वस्तूसाठी इतकी मोठी मागणी एका घोषणेने उभी राहण्याचा प्रसंग दुसरा दाखविता येईल काय? ती मागणी बाजाराने निर्माण केलेली नव्हती, सरकारने केली होती. पुरवठा मात्र सरकारने बाजारावर सोडला. आणि त्यासाठी आधी सात महिने संहितेचे दार उघडून ठेवले. मागणी राष्ट्रभक्तीची आणि पुरवठा सुरतच्या यंत्रमागांचा व पेट्रोरसायनांच्या कारखान्यांचा, अशी ही विभागणी झाली. वस्तू व सेवा करातून राष्ट्रध्वजाला सूट आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अर्थखात्याने खुलासा केला की, ती यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही लागू आहे. हातमागाच्या ध्वजाला करात जे संरक्षण मिळू शकले असते तेही अशा रीतीने सपाट झाले. बेंगेरीच्या संस्थेने या दुरुस्तीविरुद्ध आवाज उठविला. दिल्लीत तो पोचल्याचे दिसले नाही.

यावर तीन समर्थने केली जातात. पहिले असे की, खादीच्या ध्वजाने सामान्य माणसाला ध्वजापासून दूर ठेवले होते. हे अर्धसत्य आहे. सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावता येत नव्हता तो कापडामुळे नव्हे, जुन्या नियमांमुळे. ते बंधन नवीन जिंदाल यांच्या खटल्याच्या ओघात २००२ च्या नव्या ध्वजसंहितेने सैल झाले आणि जानेवारी २००४ च्या निकालाने ध्वज लावणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरला. तो निकाल स्वागतार्हच होता, आणि तो खादी शाबूत ठेवून मिळाला होता.

दुसरे समर्थन किमतीचे. गरिबाला स्वस्त ध्वज हवा, म्हणून पॉलिएस्टर. गरिबाविषयीचा हा कळवळा ऐकून मन भरून यावे, पण हरियाणातील कर्नाल जिल्ह्यात त्याच ऑगस्टमध्ये एका रेशन दुकानात वीस रुपयांचा ध्वज घेतल्याखेरीज धान्य मिळत नसल्याची ओरड झाली आणि दुकानदाराचा परवाना निलंबित करावा लागला. गरिबाने ध्वज मागितला नव्हता, धान्य मागितले होते. शिवाय स्वस्त म्हणजे कोणासाठी स्वस्त? पंचवीस रुपयांच्या खादीच्या तुकड्यात कातणारीची व विणणाऱ्याची मजुरी असते. पंचवीस रुपयांच्या पॉलिएस्टरमध्ये ती जवळजवळ नसते. वस्तू स्वस्त होते ती कोणाची तरी मजुरी वजा होऊन, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवितात. गरिबाला ध्वज खरोखर परवडावा असे वाटत असेल तर खादीच्या ध्वजावर अनुदान देता आले असते. त्यात एका गरिबाच्या घरावर ध्वज आणि दुसऱ्याच्या घरात मजुरी, दोन्ही गेले असते.

तिसरे समर्थन सर्वांत वजनदार आहे: वीस कोटी ध्वज हाताने निघणे शक्यच नव्हते. सहा आठवड्यांत नव्हते, हे मान्य. पण स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे २०२२ मध्ये पूर्ण होणार, हे १९४७ पासूनच ठाऊक होते. त्यासाठी ज्योतिषी लागत नव्हता. चार-पाच वर्षे आधी खादी संस्थांना मागणी नोंदविली असती, कापसाला व मागांना भांडवल दिले असते, तर वीस कोटी नव्हे पण काही कोटी ध्वज खात्रीने झाले असते. आणि उरलेल्या घरांवर पुढच्या वर्षी लागले असते. राष्ट्रध्वज म्हणजे काही नाशवंत माल नव्हे की, तीन दिवसांतच खपला पाहिजे.

नाशवंत तो आता झाला आहे. फाटलेला, विटलेला ध्वज खाजगीत, संपूर्णपणे, शक्यतो जाळून सन्मानाने नष्ट करावा, असे संहिता सांगते. सूत जळते आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळते, ठिबकते, त्याचा काळा गोळा होतो. संहिता दुरुस्त करणाऱ्यांनी कापडाचे कलम बदलले; विसर्जनाचे कलम तसेच ठेवले. १६ ऑगस्टच्या सकाळी गटारांच्या कडेला काय दिसते, ते कोणत्याही शहरातल्या सफाई कामगाराला विचारावे. १९७१ च्या कायद्याप्रमाणे ध्वजाच्या अपमानाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कलमात, त्याच शिक्षेला पात्र असा आणखी एक अपमान सांगितला आहे: संविधानाचा. आणि संविधानाचा ४३ वा अनुच्छेद राज्यसंस्थेला सांगतो की, तिने ग्रामीण भागात कुटिरोद्योगांची वैयक्तिक वा सहकारी तत्त्वावर वाढ करण्याचा प्रयत्न केला पाहिजे. नागरिकाने ध्वजाचा आदर राखावा, हे ५१-अ अनुच्छेदातील कर्तव्य १९७६ साली आणीबाणीत घातले गेले. ते घालताना विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते. राज्याने कातणाऱ्याची-विणणाऱ्याची काळजी घ्यावी, हे कर्तव्य मात्र १९५० पासूनचे आहे. नंतरचे कर्तव्य शाळाशाळांतून पाठ करून घेतले जाते. आधीचे कोणाच्या गावीही नसते.

या बाबतीत दोषाचे सारे माप सध्याच्या राज्यकर्त्यांच्याच पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. खादीची टोपी घालून गिरण्यांना परवाने वाटणारे राज्यकर्ते आधी होऊन गेले. खादी आयोगानेच एके काळी सुतात पॉलिएस्टर मिसळून 'पॉलीवस्त्र' काढले. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ चा. आरंभी त्याखाली बावीस प्रकार राखीव होते, १९९६ मध्ये ते अकरावर आले. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा हातमाग दिन म्हणून साजरा होतो, आणि २०२० मध्ये तो दिवस उजाडण्यापूर्वीच अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त करण्यात आले. समाजवादी चळवळीचेही हात स्वच्छ नाहीत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर तिरंगा घेऊन निःशस्त्र चालत गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे पडली. त्या लढ्यात समाजवादी आघाडीवर होते. ध्वजासाठी मरण्यात जे मागे नव्हते, ते ध्वज विणणाऱ्या स्त्रीची मजुरी वाढावी म्हणून किती वेळा मोर्च्याने गेले? खादी हा सर्वोदयवाल्यांचा प्रांत, आपला नव्हे, अशी एक आळशी वाटणी चळवळीत होऊन गेली. खादीच्या कामगारांच्या संघटना जोमदार असत्या, तर एका अधिसूचनेने हे घडणे इतके सोपे गेले नसते.

ध्वजावर प्रेम कोणाचे अधिक, कोणत्या संघटनेने कोणत्या वर्षापर्यंत तो आपल्या कार्यालयावर लावला नाही, याची खातेवही काढण्यात कार्यकर्त्यांनी शक्ती दवडू नये. ती वही खरी असली तरी तिने बेंगेरीच्या वा नांदेडच्या एकाही मागावर सूत चढत नाही. मागणी नेमकी करावी. शासकीय इमारती, शाळा, न्यायालये, ग्रामपंचायती यांवरचा ध्वज खादीचाच असेल, असे कलम संहितेत पुन्हा घातले जावे. करसवलत हाताने कातलेल्या-विणलेल्या ध्वजापुरती ठेवावी. आणि ध्वजखरेदीची मागणी सरकारने खादी संस्थांकडे वर्षभर आधी, आगाऊ रकमेसह नोंदवावी.

यांतले पहिले काम दिल्लीची वाट न पाहताही होण्यासारखे आहे. दुरुस्तीने पॉलिएस्टरला मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. ध्वज उन्हापावसाने विटतो आणि तो बदलावाच लागतो. पक्षाचे सदस्य ज्या ज्या पंचायतीत, नगरपालिकेत वा शाळा समितीत आहेत तेथे यंदा ध्वज कोणाकडून घेतला आणि तो कशाचा आहे, एवढे मासिक सभेत विचारून त्याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. खादीच्या ध्वजाचे बिल थोडे अधिक येईल. लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला तर त्याला २२ जुलै १९४७ चा ठराव वाचायला द्यावा.